काळ, काम, वेग आणि भरतीचं पाणी

वाचक विचारतात, बाई सांगतात

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की शाब्दिक उदाहरणं नेमकी कुठं अडतात ते कळवा, तर टपालाने आणि व्हॉट्सॲपवर मिळून इतके प्रश्न आलेत की संपादकांकडून जास्तीची जागा मागून घ्यावी लागली. बहुतेक सगळे गुणोत्तराचे आणि काळ-काम-वेगाचे, म्हणजे ज्या धड्याला मुलांना हमखास तहान लागते तो धडा. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : मुलीला स्कॉलरशिपला बसवलीय. उदाहरण असं आहे की ४ माणसं ६ तासांत आंब्याच्या १२० पेट्या भरतात, तर ६ माणसांना २४० पेट्या भरायला किती तास? तिचं उत्तर १८ आलं, पुस्तकात ८ आहे. तिचे बाबा म्हणतात त्रैराशिक मांड, मी म्हणते सूत्र पाठ कर, आणि ती म्हणते मला गणितच नको. (एक आई, देवगड)

उत्तर : देवगडात राहून पेट्यांच्या हिशोबावरून घरात वाद होणार नाहीत तर कुठं होणार! आधी मुलीचे १८ कुठून आले ते बघू, कारण मुलांची उत्तरं उगाच आकाशातून पडत नाहीत. तिने ६ तासांना दीडने गुणलं कारण माणसं दीडपट झाली, मग २ ने गुणलं कारण पेट्या दुप्पट झाल्या, ६ चे ९ आणि ९ चे १८. पेट्यांचं बरोबर केलंय. माणसांचं उलटं केलंय, माणसं वाढली की तास कमी व्हायला हवेत, तिने वाढवले.

ह्यावर सूत्र पाठ करून काही होणार नाही हो, कारण सूत्रात पण कुठला आकडा वर आणि कुठला खाली हे तिलाच ठरवायचंय. मी वर्गात मुलांना एकच प्रश्न विचारायला लावायची, एक माणूस एका तासाला किती करतो? ४ माणसं ६ तास म्हणजे २४ माणूस-तास झाले, त्यात १२० पेट्या, म्हणजे एका माणसाच्या एका तासाला ५ पेट्या. आता ६ माणसं तासाला ३० भरणार आणि २४० ला ८ तास. झालं. ह्यात वर-खाली काही नाही.

आणि पेन उचलायच्या आधी तिला अंदाज करायला सांगा. जुनीच ४ माणसं राहिली असती तर दुप्पट पेट्यांना १२ तास लागले असते, इथे तर आणखी दोन माणसं आलीत, म्हणजे उत्तर १२ च्या आतच पाहिजे. मग १८ दिसल्यावर तिची तीच थांबेल, पुस्तकाचं शेवटचं पान उघडायची गरज नाही.

बाबांचं त्रैराशिक चुकीचं नाही, फक्त इथे एक सरळ आणि एक उलटं अशी दोन त्रैराशिकं आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली त्यात उलट्या त्रैराशिकाला व्यस्त त्रैराशिक म्हणून वेगळं काढलंय, आणि अशा पाच आकड्यांच्या उदाहरणांसाठी पंचराशिक दिलंय. म्हणजे घोळ निदान साडेआठशे वर्षं जुना आहे, तुमच्या मुलीने नवीन काही केलेलं नाही. बाकी एप्रिलच्या उन्हात सहाही माणसं सारख्याच हाताने पेट्या भरतात ही पुस्तकाची समजूत, ज्यांच्या अंगणात आंबा काढून ठेवलेला असतो ते ह्यावर हसतील, पण परीक्षेत सगळे सारखेच धरायचे.

प्रश्न : माझा जेसीबी आहे, तासाला १२०० रुपये घेतो. परवा २ तास ४० मिनिटं चालला, मोबाईलवर २.४० गुणिले १२०० केलं तर २८८० आले. गिऱ्हाईकाने २८८० दिले पण मला वाटतंय काहीतरी गडबड आहे. (लांजा)

उत्तर : गडबड आहे आणि ती तुमच्या खिशाला लागलीय. मोबाईलला काय माहीत की पॉइंटच्या पुढचे तुमचे ४० म्हणजे मिनिटं आहेत, तो शंभरातले ४० समजतो. तासाची मिनिटं ६०, त्यामुळे ४० मिनिटं म्हणजे दोन तृतीयांश तास. २४०० अधिक ८०० म्हणजे ३२०० व्हायला हवे होते, ३२० रुपये कमी घेतलेत. मिनिटाला २० रुपये पडतात हे लक्षात ठेवा आणि सरळ १६० मिनिटं गुणिले २० करा, पॉइंटची भानगडच नको. परत कधी २ तास २४ मिनिटं चालला तर मात्र २.४ बरोबर, कारण २४ मिनिटं म्हणजेच तासाचा चार दशांश. आता गिऱ्हाईकाकडे ३२० मागायचे की सोडायचे ते तुम्ही बघा.

प्रश्न : मी भरतीची तयारी करतोय. नळ-टाकीची उदाहरणं आली की वेळ जातो. एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ४ तासांत, आणि तळाची गळती भरलेली टाकी १२ तासांत रिकामी करते, तिन्ही चालू असतील तर किती वेळ? क्लासमध्ये शॉर्टकट दिलेत पण तीन-चार नळ आले की कुठला लावायचा कळत नाही. (खेड)

उत्तर : अरे, शॉर्टकट लक्षात ठेवायलाच तुझा वेळ जातोय. ह्या उदाहरणात सगळ्यात मोठा मोह असतो तो तासांची बेरीज करायचा, नाहीतर सरासरी काढायचा, ६ आणि ४ म्हणजे ५. पण एकटा दुसरा नळ ४ तासांत टाकी भरत असताना, मदतीला आणखी एक आल्यावर ५ तास कसे लागतील? तासांची बेरीज करायची नसते, तासाला जे काम होतं त्याची करायची.

तर टाकी किती लिटरची हे दिलेलं नाही ना, मग आपणच धरायची, आणि अशी धरायची की ६, ४ आणि १२ तिघांनी भाग जाईल. १२ हंड्यांची टाकी धर. पहिला नळ तासाला २ हंडे, दुसरा ३ हंडे, गळती १ हंडा घालवते. तासाला शिल्लक ४ हंडे, १२ हंड्यांना ३ तास. अपूर्णांक लिहावा लागला नाही की छेद सारखे करावे लागले नाहीत. चार नळ असू देत नाहीतर सात, रीत हीच, फक्त टाकी मोठी धरायची.

गळती काढून टाकली तर तासाला ५ हंडे, म्हणजे १२ भागिले ५, २.४ तास. आता वरचं जेसीबीवाल्यांचं उत्तर वाच आणि पर्यायांमध्ये २ तास ४० मिनिटं दिसलं तर त्यावर टिक करू नकोस. पेपर काढणारे तो पर्याय मुद्दाम ठेवतात, २ तास २४ मिनिटं खाली कुठंतरी असतं.

तुला सरावाला एक जुनं देते, हे पण लीलावतीतलंच आहे. चार झरे एक विहीर भरतात, एकेकटे सोडले तर पहिला एका दिवसात, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तिसऱ्या भागात आणि चौथा सहाव्या भागात. चौघे एकदम सोडले तर? बघ, पहिला दिवसाला १ विहीर भरतो, दुसरा २, तिसरा ३, चौथा ६, मिळून दिवसाला १२ विहिरी, म्हणजे एक विहीर दिवसाच्या बाराव्या भागात, आपल्या घड्याळाने २ तासांत. तोंडी होतं.

प्रश्न : गणपतीला मुंबईहून सावंतवाडीला गाडीने गेलो, ट्रॅफिकमुळे सरासरी ४० चा स्पीड पडला, येताना रस्ता मोकळा होता तर ६० पडला. मी म्हटलं एकूण सरासरी ५०. भाचा म्हणतो ४८. भाचा इंजिनिअरिंगला आहे म्हणून गप्प बसलो, पण पटलेलं नाही. (ठाण्यातला एक चाकरमानी, मूळ गाव सावंतवाडीजवळ)

उत्तर : भाचा बरोबर आहे. अंतर हिशोबाला सोपं म्हणून ४८० किलोमीटर धरू. जाताना १२ तास, येताना ८ तास, एकूण ९६० किलोमीटर २० तासांत, म्हणजे ४८. तुमचे ५० कधी आले असते, तर ४० च्या आणि ६० च्या स्पीडने तुम्ही सारखाच वेळ चालवला असता तर. पण तुम्ही १२ तास रखडलात आणि ८ तासच पळालात, मग सरासरी रखडण्याकडे झुकणार की नाही? वेगाचं गुणोत्तर २ : ३ तर वेळेचं बरोबर उलटं ३ : २, अंतर तेच असलं की हे नेहमी उलटंच होतं. आणि ४८० च्या जागी दुसरं कुठलंही अंतर घेऊन बघा, उत्तर ४८ च येणार.

ह्याच्यातली खरी मजा पुढे आहे आणि ती दरवर्षी ह्या रस्त्यावर लोक भोगतात. समजा तुम्ही ठरवलंत की ४८० किलोमीटर ६० च्या सरासरीने जायचं, म्हणजे ८ तास. पहिल्या २४० ला ४० चा स्पीड पडला तर ६ तास तिथेच गेले. उरलेले २४० दोन तासांत, म्हणजे १२० ने. लोक म्हणतात ४० ने गेलो तर पुढे ८० ने मारू म्हणजे भरून निघेल, ८० ने ३ तास लागतात, नाही भरून निघत. आणि पहिल्या अर्ध्यात ३० चाच स्पीड पडला असेल तर आठही तास तिथेच संपले, आता पुढे विमान आणलंत तरी ६० ची सरासरी येणार नाही. त्यामुळे कशेडीच्या अलीकडे गेलेला वेळ संगमेश्वरच्या पुढे भरून काढायच्या नादाला लागू नका, गणपती तिथेच बसलेले असतात.

प्रश्न : बाई, आमची होडी आहे. आजोबा पंचांगातली तिथी बघतात, तिची पाऊणकी (म्हणजे पाऊणपट) करतात आणि भरतीची वेळ सांगतात, ते साधारण बरोबर येतं. हे कसं? दुसरं म्हणजे परवा मी गणित केलं. तक्त्यात ओहोटीचं पाणी ६० सेंटीमीटर आणि सहा तासांनी भरतीचं २४० होतं. खाडीच्या तोंडावर आमच्या होडीला तक्त्याप्रमाणे १०५ लागतं. सहा तासांत १८० वाढतं तर ४५ वाढायला दीड तास, असं त्रैराशिक मांडून मी सांगितलं, आजोबा म्हणाले दोन तास थांब. मी बारावी सायन्सला आहे आणि आजोबा चौथी शिकलेत. (हर्णै)

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांग, आणि दोन तासच थांब.

पहिलं पाऊणकीचं. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे भरती ठोकळमानाने बाराच्या आसपास येते आणि रोज थोडी थोडी पुढे सरकते. का, तर पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारेपर्यंत चंद्र पुढे गेलेला असतो, त्याला परत गाठायला तिला आणखी सुमारे ५० मिनिटं फिरावं लागतं. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत ३० तिथी आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाचे पूर्ण २४ तास सरकून परत होती तिथे येते, म्हणजे एका तिथीला २४ भागिले ३० तास, ४८ मिनिटं. आता ४८ ने तोंडी कोण गुणणार? पण पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं आणि पाऊणकी जुन्या लोकांना पाठ, मग चतुर्थीला चार पाऊण तीन, भरती तीनला. अष्टमीला आठ पाऊण सहा. द्वादशीला नऊ. दिवसातून दोन भरत्या म्हणून एक पहाटेची तीनची आणि एक दुपारची तीनची, मध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं.

तिथीमागे ३ मिनिटं सोडली म्हणून हिशोब हळूहळू मागे पडतो, अष्टमीला ४८ ने ६ वाजून २४ मिनिटं येतात आणि पाऊणकीने ६. पंधराव्या तिथीला पाऊणकी सव्वाअकरा सांगते आणि पाहिजेत बारा. तोपर्यंत पौर्णिमा आलेली असते, आजोबा परत बारापासून सुरू करतात, चूक जमा होत राहत नाही. मला हे फार आवडतं, गुणायला सोपा आकडा घ्यायचा आणि दर पंधरवड्याला पाटी पुसायची. शिवाय भरती दक्षिणेकडून वर येते, वेंगुर्ल्याला आधी आणि मुंबईला नंतर, त्यामुळे प्रत्येक बंदराचे लोक ह्यात आपापलं थोडं मागेपुढे करून घेतात. नेमकी वेळ पाहिजे असेल तर सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी तक्ते छापतं, तेच बघायचं, पाऊणकीवर मोठी बोट कुणी बाहेर काढू नये.

आता तुझं त्रैराशिक. आकडेमोड बरोबर आहे, १८० चा पाव भाग ४५, सहा तासांचा पाव भाग दीड तास. पण त्रैराशिक मांडलं की आपण न बोलता एक गोष्ट कबूल करतो, की दर तासाला सारखंच होतंय. जेसीबी दर तासाला १२०० घेतो, नळ दर तासाला २ हंडे देतो, तिथे चालतं. समुद्र असा वागत नाही. ओहोटी संपते तेव्हा पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, मग हळू चढायला लागतं, मधल्या दोन तासांत जोरात येतं आणि भरती पुरी व्हायच्या वेळी परत मंदावतं. दर्यावर्दी लोक ह्यासाठी बाराव्या भागाचा हिशोब वापरतात, एकूण चढ बारा भागांत तोडायचा आणि सहा तासांना तो १, २, ३, ३, २, १ असा वाटायचा. मिळवून बघ, बाराच होतात.

तुझ्या उदाहरणात १८० चा बारावा भाग १५. पहिल्या तासात १५ चढलं, पाणी ७५. दुसऱ्यात ३०, म्हणजे १०५, दोन तास झाले आणि आजोबांची होडी निघाली. तिसऱ्यात ४५, पाणी १५०. चौथ्यात परत ४५, १९५. पाचव्यात ३०, २२५, आणि सहाव्यात १५ चढून २४०. तू दीड तासाला निघाली असतीस तर तक्त्याप्रमाणे पाणी फार तर ९० होतं, १५ सेंटीमीटर कमी, तळ वाळूला घासला असता आणि मग सगळे उतरून ढकलत बसले असते.

हा हिशोब पण नेमका नाही, तो सहा तासांचा आहे आणि ओहोटी ते भरती सव्वासहा तासांना दोन-तीन मिनिटं कमी लागतात, म्हणून ह्यातला प्रत्येक तास ६२ मिनिटांचा धरला तर जास्त जुळतो. वारा असला, पावसाळ्यात नदीला पूर आला की हे सगळं बिघडतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चढ मोठा, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला लहान, पण वाटणी तीच १ : २ : ३ : ३ : २ : १, फक्त बारावा भाग बदलतो. तू बारावी सायन्सला आहेस तर कोसाइनचा आलेख काढ, शून्य अंशापासून १८० अंशांपर्यंत, सहा तासांना ३० अंश प्रत्येकी, आणि दोन तासांवर म्हणजे ६० अंशांवर चढ किती झाला ते बघ. बरोबर पाव भाग निघेल. आजोबांना आलेख दाखवून उपयोग नाही, पण तुला केमिस्ट्रीत आणि इकॉनॉमिक्समध्ये जिथे जिथे कुणी सरळ रेषा मारून पुढचं सांगेल तिथे दर तासाचं सारखं आहे का हे विचारायची सवय लागेल.

प्रश्न : मी आणि माझ्या धाकट्या जावेने मिळून काजू प्रक्रियेचं छोटं युनिट टाकलं. मी सुरुवातीला २ लाख घातले. ४ महिन्यांनी तिने ३ लाख घातले. वर्षाला ९६ हजार नफा उरला. ती म्हणते ३ : २ ने वाटू, तिचे जास्त आहेत. मी म्हणते अर्धे-अर्धे. सासूबाई म्हणतात बाईंना विचारा. (वेंगुर्ला)

उत्तर : सासूबाईंनी मला मध्ये घातलं हे काही बरं केलं नाही, पण विचारलंत तर सांगते. नुसत्या पैशांचं गुणोत्तर २ : ३ आहे, त्याने तिला ५७,६०० आणि तुम्हाला ३८,४०० येतील. पण पैसे किती काळ धंद्यात होते ते त्यात कुठंच नाही. तुमचे २ लाख १२ महिने राबले, तिचे ३ लाख ८ महिने. दोन्ही गुणा, २ गुणिले १२ चोवीस, ३ गुणिले ८ चोवीस. म्हणजे गुणोत्तर १ : १, प्रत्येकी ४८ हजार. अर्धे-अर्धे हे तुमचं उत्तर बरोबर, पण ते सारखं वाटून गोडीत राहायचं म्हणून नाही, हिशोबानेच तेवढं येतं. पुढच्या वर्षी मात्र दोघींचे पैसे पूर्ण १२ महिने असतील तेव्हा २ : ३ होईल, तेव्हा अर्ध्यावर अडून बसू नका. आणि हे आत्ताच दोघींनी कागदावर लिहून सही करून ठेवा, जावाजावांत कागद कशाला असं म्हणू नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, काम कोण करतं? चार किलो बी फोडून सोलून जेमतेम किलोभर गर हातात येतो आणि हाताला चीक लागतो तो वेगळाच, ते काम एकटी करत असेल तर तिची मजुरी नफ्याच्या आधी बाजूला काढायची. समजा महिना २ हजार धरले तर वर्षाचे २४ हजार काम करणारीला, उरले ७२ हजार, ते ३६-३६. कुठलीही गुंतवणूक-महिने अशी रीत मजुरी बघत नाही, ते तुम्हालाच आधी काढून ठेवावं लागतं.

प्रश्न : मी गवंडी आहे, चिऱ्याचं बांधकाम करतो. पोराच्या वहीत लिवलंय की सिमेंट आणि रेती १ : ६ तर मालात सिमेंट किती, त्याने एक षष्ठांश लिहिलं आणि मास्तरांनी फुली मारली. एकास सहा म्हणजे सहावा भाग नाही तर काय? माका ह्या काय कळणा नाय. (मालवण)

उत्तर : कामावर तुम्ही ते रोज बरोबर करताय, एक घमेलं सिमेंट आणि सहा घमेली रेती. एकूण घमेली किती झाली? सात. मग मालात सिमेंट सातवा भाग. सहावा भाग कशाचा, तर रेतीचा. पोराला कोरड्या मालाच्या ३५ घमेल्यांचं विचारा, ५ सिमेंट आणि ३० रेती म्हणाला की झालं. सहाव्या भागाने गेला तर ३५ ला ६ ने भागच जात नाही, तिथेच अडेल.

प्रश्न : कोकण रेल्वेने जाताना मुलाला करबुड्याचा बोगदा दाखवला. त्याच्या पुस्तकात तसंच उदाहरण होतं, बोगदा साडेसहा किलोमीटर, गाडी ५०० मीटर लांब, वेग ताशी ६० किलोमीटर, तर बोगदा पार करायला किती वेळ. पुस्तकातलं उत्तर ७ मिनिटं. मुलगा म्हणतो मी खिडकीत बसलो तर मला साडेसहा मिनिटंच अंधार दिसेल, पुस्तक चुकलंय. समजावून थकलो. (रत्नागिरी)

उत्तर : समजवायचं काहीच नाही, मुलगा बरोबर बोलतोय. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. खिडकीत बसलेल्या मुलाला लांबी नाही, तो बोगद्यात शिरतो आणि साडेसहा किलोमीटरनंतर बाहेर येतो, साडेसहा मिनिटं अंधार. इंजिनात बसलेल्याला पण साडेसहाच, शेवटच्या डब्यातल्या गार्डला पण साडेसहाच, फक्त गार्डचा अंधार ड्रायव्हरच्या अंधारानंतर अर्ध्या मिनिटाने सुरू होतो. पुस्तक विचारतंय ते अख्ख्या गाडीचं, इंजिनाचं नाक आत गेल्यापासून शेवटच्या डब्याची शेपटी बाहेर पडेपर्यंत, त्यासाठी गाडीला बोगद्याची लांबी अधिक स्वतःची लांबी एवढं जावं लागतं, ७ किलोमीटर, ७ मिनिटं.

आता त्याला उलटं विचारा, गाडी पूर्णच्या पूर्ण बोगद्याच्या आत, म्हणजे एकही डबा उजेडात नाही, असं किती वेळ असतं? साडेसहा वजा अर्धा, ६ मिनिटं. हे त्याने न सांगता काढलं तर पुढच्या अंकासाठी त्यालाच एक प्रश्न तयार करून पाठवायला सांगा, आणि परीक्षेत ‘गाडीला’ विचारलं असेल तर ७ लिही म्हणावं, ‘प्रवाशाला’ विचारलं असेल तर साडेसहा.